मार्गदर्शकाकडूनच त्रास होत असेल तर तक्रार कशी लिहायची आणि ती शेवटपर्यंत कशी टिकवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. प्रकल्पाचे मार्गदर्शक रात्री उशिरा खासगी मेसेज पाठवतात, काम दाखवायला गेलं की एकटीला थांबवून घेतात, एकदा हात धरला. अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. महिला विकास कक्षाच्या मॅडम म्हणाल्या, "लेखी नको देऊस, मी बोलते त्यांच्याशी, उगाच वर्ष जाईल तुझं." लेखी दिलं तर पुढे नेमकं काय होतं, गुणांचं काय, आणि घरी न कळता हे होऊ शकतं का, असं तिने विचारलं आहे.

लेखी दे. मॅडमचा हेतू चांगलाही असेल, पण "मी बोलते त्यांच्याशी" याचा परिणाम ठरलेला असतो. सर सावध होतात, मेसेज पुसले जातात, विभागात तुझ्याबद्दल कुजबूज सुरू होते आणि तुझ्या हातात कागदाचा एक कपटाही नसतो. शिवाय मुदतीचे दिवस सरत जातात. अशा तक्रारी बहुतेक वेळा खोट्या ठरून पडत नाहीत. त्या उशीर झाल्यामुळे, मोघम लिहिल्यामुळे किंवा महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीने चौकशी नीट न चालवल्यामुळे पडतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुझ्या हातात आहेत आणि तिसरीवर तुला लक्ष ठेवता येतं.

मुदत आधी समजून घे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम (राजपत्रात आले २ मे २०१६ रोजी) या दोन्हींत तक्रारीची मुदत ३ महिन्यांची आहे. घटना एकच असेल तर त्या दिवसापासून, मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. तक्रार वेळेत न देण्यामागे खरं कारण असेल, तर ते लेखी नोंदवून समिती आणखी जास्तीत जास्त ३ महिने देऊ शकते. त्यापुढे समितीचं दार बंद.

हे दार किती घट्ट बंद होतं याचं उदाहरण कोलकात्याचं आहे. तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार दिली. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची होती. ऑगस्टमध्ये आपल्याला पदावरून दूर केलं, तो त्याच छळाचा पुढचा भाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ती प्रशासकीय कारवाई होती, लैंगिक छळाचं कृत्य नव्हे, असं म्हणत तक्रार मुदतबाह्य ठरली. न्यायालयाने त्या निकालाची नोंद कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहील असा आदेश दिला, हे खरं, पण चौकशी झाली नाही ती नाहीच. तुझ्यासाठी याचा अर्थ असा, की "आधी गुण लागू देत, सूड घेतला तर बघू" असा विचार करू नकोस. गुण कमी देणं ही मालिकेतली शेवटची घटना धरली जाईल याची खात्री नाही. शेवटचा नकोसा मेसेज किंवा स्पर्श कोणत्या तारखेचा, ती तारीख वहीत लिही आणि तिथून ३ महिने मोज.

आता तक्रार कशी लिहायची ते. यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. बहुतेक मुली लिहितात, "सरांनी माझ्याशी अनेकदा असभ्य वर्तन केले, त्यामुळे मला मानसिक त्रास झाला." यातून समितीला काहीच हाती लागत नाही, आणि समोरच्याला "मी फक्त ओरडलो होतो" असं म्हणायची मोकळीक मिळते. लाजेपोटी शब्द गाळले जातात, ते नेमके महत्त्वाचे शब्द असतात. एक घटना कशी लिहावी याचा नमुना देते:

"दि. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. दुपारी साधारण साडेचार. दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा दाखवायला मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सोबत आलेल्या मैत्रिणीला 'तू जा, हिला वेळ लागेल' असं सांगून त्यांनी बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. मग ते उठून माझ्या खुर्चीमागे आले. माझा उजवा हात माऊसवर होता. त्यावर त्यांनी हात ठेवला आणि दाबून धरला. मी हात काढून घेतला. ते म्हणाले, 'इतकी घाबरतेस काय, मार्क हवेत ना?' मी फाइल तिथेच ठेवून बाहेर आले. जिन्यात मैत्रीण थांबली होती, तिला लगेच सांगितलं. त्या रात्री ११.४० वाजता त्यांचा 'रागावलीस का' असा मेसेज आला (पुरावा क्र. ३)."

या परिच्छेदात काय काय आलं ते बघ. मैत्रिणीने प्रत्यक्ष काही पाहिलेलं नाही, तरी तिला बाहेर पाठवलं, दार लागलं आणि तू बाहेर येऊन तिला लगेच सांगितलंस, हे तिघांपैकी दोघी सांगू शकतात. "मार्क हवेत ना" हे वाक्य शब्दशः आलं, आणि शैक्षणिक फायद्याच्या बदल्यात लैंगिक मागणी सुचवणं हा नियमांत वेगळा नमूद केलेला छळाचा प्रकार आहे. रात्रीचा मेसेज वरवर निरुपद्रवी वाटतो, पण दुपारी काहीतरी घडलं होतं याची कबुली त्यात आहे. असे "साधे" मेसेज मुली पुराव्यात जोडतच नाहीत. जोड.

ते जे बोलले ते त्यांच्याच भाषेत, अवतरणात लिही, शब्द कितीही घाणेरडे असोत. नेमकी वेळ आठवत नसेल तर "साधारण" लिही. अंदाजाने अचूक वेळ ठोकून दिलीस आणि हजेरीपटावरून तू त्या वेळी तासाला होतीस असं निघालं, तर उलटतपासणीत सगळा भर तिथेच जाईल. तू त्या वेळी काय केलंस हेही लिही, आणि काहीच केलं नाहीस तर तसं लिही. "मी गोठून गेले, काही बोलले नाही" हे खरं असेल तर ते लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नीट प्रशिक्षण झालेल्या समितीला माहीत असतं. मध्यंतरी तू त्यांना "गुड मॉर्निंग सर" किंवा हसरा इमोजी पाठवला असशील, तर तोही लपवू नकोस. गुण ज्याच्या हातात आहेत त्याच्याशी मुली गोड बोलतातच. तू स्वतः सांगितलंस तर त्याचं स्पष्टीकरण होतं, समोरून निघालं तर तोच बचाव होतो.

घटना तारीखवार, प्रत्येकीला क्रमांक. शेवटी साक्षीदारांची नावं-पत्ते आणि पुराव्यांची यादी. सही, तारीख, प्रत्येक पानावर आद्याक्षरं. कायद्याच्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या ६ प्रती द्यायच्या असतात, सातवी तुझी. त्या सातव्या प्रतीवर पोच घे: आवक क्रमांक, तारीख, शिक्का, घेणाऱ्याची सही. पोच द्यायला कां-कूं केलं तर वाद घालत बसू नकोस. त्याच दिवशी तीच तक्रार समिती अध्यक्षांच्या ईमेलवर पाठव आणि एक प्रत स्पीड पोस्टने. लिहिता येण्याच्या मनःस्थितीत नसशील तर तक्रार लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. तक्रारदार शारीरिक वा मानसिक कारणाने असमर्थ असेल तर मैत्रीण, नातेवाईक, सहविद्यार्थी, मानसोपचारतज्ज्ञ तिच्या वतीने तक्रार देऊ शकतात.

पुराव्याबद्दल. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं "सर" असं सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. चॅटमधला आपल्याला हवा तेवढा तुकडा कापू नकोस, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर ठेव. फोन विकू नकोस, फॉर्मॅट करू नकोस, मूळ मेसेज पुसू नकोस. आपोआप नाहीसे होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढ. आपण स्वतः सहभागी असलेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग समित्या विचारात घेतात, मात्र सरांना बोलतं करण्यासाठी मुद्दाम एकटीने केबिनमध्ये जाऊ नकोस. सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांत त्यावरच नवं चित्रण होऊन जातं. म्हणून तक्रारीतच एक ओळ लिही की अमुक तारखेचं, अमुक मजल्याच्या मार्गिकेचं चित्रण जपून ठेवण्याचे आदेश तातडीने द्यावेत. वसतिगृहाचं येण्याजाण्याचं रजिस्टर, प्रयोगशाळेची नोंदवही, फोनची कॉल यादी या कंटाळवाण्या गोष्टी फार उपयोगी पडतात. आणि त्या दिवशी तू मैत्रिणीला किंवा बहिणीला जो मेसेज केलास, तो सांभाळ. घटनेनंतर लगेच, तक्रारीचा विचारही मनात नसताना लिहिलेल्या त्या चार ओळींना समितीसमोर वजन असतं.

तक्रारीसोबत एक वेगळा अर्ज जोड, शीर्षक "अंतरिम उपाययोजनेची मागणी". तुझ्या गुणांच्या भीतीचं उत्तर इथे आहे. चौकशी चालू असताना तुझ्या कामावर देखरेख करण्यापासून आणि तुझं मूल्यमापन वा परीक्षा घेण्यापासून त्या व्यक्तीला दूर ठेवता येतं. तुला ३ महिन्यांपर्यंत रजा देता येते, तुमच्यापैकी एकाला दुसऱ्या विभागात हलवता येतं, त्यांना अंतर राखायची ताकीद देता येते, आणि ठोस धोका असेल तर परिसरात यायला बंदीही घालता येते. पण हे आपोआप होत नाही, लेखी मागावं लागतं. मोघम "संरक्षण द्यावे" असं न लिहिता नेमकं लिही: प्रकल्पासाठी दुसरा मार्गदर्शक अमुक तारखेपूर्वी नेमावा, अंतर्गत गुण दुसऱ्या परीक्षकाने द्यावेत, आतापर्यंत दिलेले गुण सीलबंद करून समितीकडे घ्यावेत, रजेचे दिवस उपस्थितीत धरावेत. हे शेवटचं विसरू नकोस. रजा मंजूर होते, आणि सत्राच्या शेवटी ७५ टक्के उपस्थिती नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडतो, असं घडू शकतं. आणखी एक: हलवायचं असेल तर तक्रारदारालाच हलवण्याकडे संस्थांचा कल असतो, कारण ते सोपं पडतं. तुझी प्रयोगशाळा, तुझं उपकरण, तुझे नमुने तिथे असतील, तर त्यांना हलवा, मला नको, असं स्पष्ट लिही.

पीएच.डी. करणाऱ्या मुलींचं हे दुखणं जास्त खोल असतं. मार्गदर्शक बदलला तर विषय जातो, शिष्यवृत्तीच्या कागदांवर सह्या त्याच माणसाच्या लागतात, शोधनिबंधात त्याचं नाव असतं. अशा वेळी अंतरिम अर्जात शिष्यवृत्तीच्या कागदांवर दुसऱ्या कुणाची सही चालेल, प्रगती अहवाल संशोधन सल्लागार समितीने थेट घ्यावा, आणि आतापर्यंतची सगळी विदा (संशोधनाचा डेटा) माझ्या ताब्यात असावी, या तीन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात. तक्रार देण्याच्या आधीच आपल्या कामाची प्रत स्वतःकडे घेऊन ठेवावी.

घरी कळण्याबद्दल. कळलं तर शिक्षण थांबेल, लग्न लावून देतील, ही भीती अनेक मुलींना असते आणि ती खोटी नाही. तू सज्ञान आहेस. तक्रारीत लिही, "माझ्या लेखी संमतीशिवाय माझ्या पालकांशी संपर्क साधू नये." तक्रारदाराची, साक्षीदारांची ओळख आणि चौकशीतला तपशील उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. "पालकांना बोलावल्याशिवाय पुढे जाणार नाही" असं प्राचार्य म्हणाले तर तेही ईमेलवर नोंदवून ठेव. घरातलं एखादं माणूस विश्वासाचं असेल तर मात्र त्याला सांग. चौकशीच्या काळात कुणीतरी सोबत लागतंच.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर सगळंच बदलतं. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असतं, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला कित्येक मुली १७ वर्षांच्या असतात. तिथे पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू होतो आणि माहिती मिळालेल्या प्रत्येकावर, शिक्षकावरही, पोलिसांना कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. "आधी आमची समिती बघेल" हे तिथे चालत नाही.

तक्रार कुणाकडे द्यायची? महिला विकास कक्ष आणि अंतर्गत तक्रार समिती या वेगळ्या गोष्टी आहेत. कक्ष व्याख्यानं आणि शिबिरं घेतो, चौकशीचा अधिकार समितीला असतो. जुने लोक अजूनही "विशाखा समिती" म्हणतात, कारण हे सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून सुरू झालं. समितीची नावं संकेतस्थळावर आणि सूचनाफलकावर असायलाच हवीत. ती मिळाली की रचना तपास. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक हव्यात: विद्यापीठात प्राध्यापक पदाच्या, महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, महिलांच्या प्रश्नावर काम करणारी बाहेरची एक व्यक्ती, आणि विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन निवडून आलेले विद्यार्थी. निम्म्या तरी महिला. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. सदस्यांची मुदत ३ वर्षांची. बाहेरची सदस्य नेमलेलीच नसणं किंवा मुदत संपलेली समिती तशीच चालू राहणं, हे दोष नेहमी आढळतात. दोष दिसला तर पहिल्याच आठवड्यात लेखी दाखव. हा तांत्रिक किस काढणं वाटेल, पण वर्षभराने तुझ्या बाजूने लागलेला अहवाल समोरचा वकील नेमक्या याच मुद्द्यावर न्यायालयात पाडू शकतो.

तक्रार थेट संस्थेच्या मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे तिची माहिती मिळते. आणि घटना आवारातच घडली पाहिजे असं नाही. वसतिगृह, महाविद्यालयाची बस, शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट, इंटर्नशिप, युवा महोत्सव, क्रीडास्पर्धा, सगळं "परिसर" या व्याख्येत येतं. दुसऱ्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमात त्रास झाला तर त्या मुलीला तिथली विद्यार्थिनी धरलं जातं. प्रवेशाच्या प्रक्रियेत असलेल्या, अजून प्रवेश न मिळालेल्या मुलीलाही तक्रार करता येते. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही हे विनियम लागू आहेत.

तक्रार दिल्यावर तारखा अशा चालतात. ७ दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते, त्यांनी १० दिवसांत उत्तर द्यायचं, ९० दिवसांत चौकशी संपवायची, पुढच्या १० दिवसांत अहवाल संस्थेला आणि दोन्ही बाजूंना द्यायचा, ३० दिवसांत संस्थेने कारवाई करायची. अपीलही ३० दिवसांतच. या तारखा कॅलेंडरवर मांड आणि प्रत्येक तारीख उलटली की दोन ओळींचा ईमेल टाक: "आज अमुक दिवस झाले, पुढची सुनावणी कधी?" भांडायचं नाही, फक्त नोंद ठेवायची.

सुरुवातीलाच एक कागद तुझ्यापुढे सरकवला जाईल: समेटाचा. कायद्यात समेट आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त तक्रारदाराने स्वतःहून मागितला तर. पैशाच्या आधारावर तो करताच येत नाही. समेट झाला की पुढे चौकशी होत नाही, हे तुला कुणी सांगणार नाही. "सर माफी मागतील, तू फक्त सही कर" या वाक्यापुढे थांब. तुझ्या मनात नसेल तर "मला समेट नको, चौकशी हवी" एवढं लिहून दे.

सुनावणीत अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. तुझा जबाब नोंदवला की तो वाचून, चुका दुरुस्त करून मगच सही कर. "मी गोंधळले" आणि "मी विरोध केला नाही" यांत फार अंतर आहे, आणि लिहून घेणारा कारकून घाईत एकाच्या जागी दुसरं लिहितो. उलटतपासणीचा हक्क समोरच्याला आहे, पण त्यासाठी समोरासमोर बसवायची गरज नाही. प्रश्न लेखी अध्यक्षांकडे द्यावेत, अध्यक्षांनी गैरलागू प्रश्न गाळून तुला विचारावेत, किंवा मध्ये पडदा असावा, अशी मागणी आधीच लेखी कर. कपडे, मित्र, आधीची नाती यांवरचे प्रश्न आले तर "याचा या घटनेशी संबंध काय, हे इतिवृत्तात नोंदवावं" असं म्हण. पुराव्याचा निकष फौजदारी खटल्यासारखा निःसंशय सिद्धतेचा नसतो. दोन्हींपैकी कोणती बाजू जास्त संभाव्य, एवढं समितीने ठरवायचं असतं. "साक्षीदारच नाही" म्हणून तक्रार फेटाळणारी समिती तिचं काम करत नसते, बंद दाराआड साक्षीदार कुठून येणार?

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही, पण ती मनापासून सांगते: समोरच्याला पुरेशी संधी मिळते आहे ना, याकडे तुझंही लक्ष हवं. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी दिल्या. समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेतल्या, विभागप्रमुखाने मुदतवाढ मागितली तरी घाईने एकतर्फी पुढे गेली, आणि विद्यापीठाने त्याला बडतर्फ केलं. मुंबई उच्च न्यायालयात बडतर्फी टिकली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बाजू मांडायची पुरेशी संधी दिली गेली नव्हती, आणि चौकशी २००९ च्या मे महिन्यात जिथे होती तिथून पुन्हा करा असं सांगितलं. तक्रार खरी की खोटी यावर तो निकाल नाही. त्या मुलींची मात्र १४ वर्षं गेली, समितीच्या घाईपायी. म्हणून सरांनी एखादी तारीख मागितली तर चिडू नकोस, समितीने ती दिलेली बरी. नियम असा आहे की सबळ कारणाशिवाय सलग तीन सुनावण्यांना गैरहजर राहिल्यास, १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी निर्णय घेता येतो. समिती ही पायरी वगळत असेल तर तूच लेखी आठवण कर.

दोषी ठरले तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. इथे संस्था "आता आम्ही विभागीय चौकशी नेमतो" म्हणून तुला पुन्हा पहिल्यापासून जबाब द्यायला लावू शकते. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच सेवानियमांखालचा चौकशी अहवाल मानावा असं सांगितलेलं आहे. त्या निकालाचा दाखला देऊन दुसऱ्या चौकशीला हरकत घे. दोषी विद्यार्थी असेल तर वसतिगृह वा शिष्यवृत्ती बंद, ठरावीक काळ परिसरबंदी, किंवा नाव काढून टाकणं इथपर्यंत शिक्षा आहे. भरपाईही मागता येते: उपचारांचा खर्च, मानसिक त्रास, गेलेली संधी. डॉक्टरांची बिलं आणि हुकलेल्या मुलाखतीचं पत्र जपून ठेव.

"खोटी तक्रार केली तर तुझ्यावरच कारवाई" हे वाक्य तुला ऐकवलं जाईलच. आरोप सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे विनियमांतच लिहिलेलं आहे. दुष्ट हेतू स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो.

पोलिसांची वाट वेगळी आहे आणि समितीबरोबर एकाच वेळी चालू शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. लैंगिक छळ कलम ७५, विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर ७४, पाठलाग आणि नको म्हटल्यावरही ऑनलाइन मागे लागणं ७८. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो. समितीची मुदत संपली असेल तरी हा मार्ग खुला असतो, कारण १ वर्षापेक्षा जास्त आणि ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत ३ वर्षांची आहे (१ वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना मात्र १ वर्षाचीच). मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि छळ करणारा त्या समाजाचा नसेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं लावण्याचा आग्रह धरावा. फोटो, व्हिडिओची धमकी असेल तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

समाजमाध्यमांवर नाव टाकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चौकशी चालू असताना टाकू नकोस. २०१७ मध्ये छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची यादी समाजमाध्यमांवर फिरली, ती समित्यांवरचा विश्वास उडाल्यामुळेच, आणि तो राग रास्त होता. पण पोस्ट म्हणजे तक्रार नव्हे. गोपनीयता भंगाचा मुद्दा हातात मिळाला की समोरची बाजू महिनोन्महिने त्यावरच बोलते.

समितीने हालचालच केली नाही तर कुलगुरू, विद्यापीठ अनुदान आयोग, राज्य महिला आयोग यांना लेखी कळव, शी-बॉक्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर नोंदव, आणि शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका आहेच. समिती न नेमणाऱ्या संस्थेला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचं अनुदान थांबू शकतं, हे पत्रात लिहिलं की फायली हलतात. या वाट पाहण्याच्या काळात स्वतःकडे लक्ष दे. जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरच्या महाविद्यालयात विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार करूनही दाद न मिळालेली एक विद्यार्थिनी जिवाला मुकली; विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांनाही अटक झाली. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) नंबरवर बोल, मराठीतही बोलता येतं, आणि त्या दिवशी एकटी राहू नकोस.

तुझ्या त्या कक्षाच्या मॅडमसारख्या शिक्षकांनाही एवढंच सांगायचं आहे: मुलगी पहिल्यांदा तुमच्याकडे आली की चौकशी करू नका, समोरच्या सरांना फोन करू नका, "तू तिथे गेलीसच का" विचारू नका. तिच्याजवळ बसा, तारखा लिहून घ्यायला मदत करा, समितीच्या अध्यक्षांकडे सोबत जा.

निकाल लागल्यानंतरचे सहा महिने विसरू नकोस. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक कोण येतो, शिफारसपत्र कोण देतं, परिषदेला पाठवायच्या यादीतून नाव का गळलं, हे सूडाचे नेहमीचे मार्ग. शिफारसपत्रासाठी आत्तापासून विभागातल्या दुसऱ्या दोन शिक्षकांना आपलं काम दाखवत राहा, आणि काही खटकलं तर त्याच समितीकडे, जुन्या तक्रारीचा क्रमांक घालून, त्याच आठवड्यात लेखी दे.